किशोरवयीन मुलांची झोप: सुरुवात रात्रीपासून नव्हे, सकाळपासून करा

सकाळी साडेसहाला कोकणातल्या एखाद्या वाडीवरून तालुक्याच्या गावी जाणाऱ्या एसटीत बसलात, तर खिडकीच्या गजाला डोके टेकवून झोपलेली नववी-दहावीची मुले हमखास दिसतील. दप्तर मांडीवर, तोंड अर्धवट उघडे, आणि वळणावर डोके गजावर आपटले तरी डोळा उघडत नाही. अशा मुलांना घरी आपण सहज ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो. मला तो शब्द अन्यायाचा वाटतो. वयात येताना झोपेची वेळ झाल्याचे शरीराला सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक पूर्वीपेक्षा उशिरा स्रवू लागते, कधी कधी दोन तासांपर्यंत उशिरा. म्हणून लहानपणी जेवता जेवता पेंगणारा मुलगा आता अकरापर्यंत टक्क जागा असतो. झोपेची गरज मात्र फारशी कमी झालेली नसते. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितले आहे. आता हिशेब करा: पावणेसहाला उठायचे असेल, तर आठ तासांसाठीसुद्धा पावणेदहाला डोळा लागायला हवा. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला, तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी; मोठ्या मुलांचे गणित घरातच सोडवावे लागते.

आधी आठवडाभर नोंद ठेवा. भिंतीवरच्या कालनिर्णयातील त्या त्या दिवसाच्या चौकटीत दोनच वेळा लिहायच्या, दिवा मालवल्याची आणि उठल्याची. नोंद मुलानेच करावी, आणि त्या आठवड्यात कोणीही उपदेश करू नये. आपण रविवारी अकराला उठतो आणि सोमवारी पहाटे उठताना जीव नकोसा होतो, यांचा संबंध त्याला स्वतःलाच दिसला, तर पुढचे निम्मे काम सोपे होते.

मग उठण्याची वेळ पक्की करा. बहुतेक पालक झोपण्याच्या वेळेवरून वाद घालतात, पण झोप हुकमाने येत नाही. उठणे मात्र ठरवता येते. सुट्टीच्या दिवशीही रोजच्यापेक्षा तास-दीड तासाहून अधिक उशीर नको. उठल्यावर मुलाला बाहेर उजेडात पाठवा: खळ्यात पंधरा-वीस मिनिटे झाडांना पाणी घालू दे, विहिरीवर जाऊ दे, समुद्र जवळ असेल तर पुळणीवर चक्कर मारू दे. डोळ्यांवर पडणारा हा सकाळचा उजेड मेंदूतील घड्याळाला पुढे ओढतो आणि रात्रीची झोप लवकर आणतो. आषाढात सूर्यदर्शन होत नाही हे खरे, तरी ढगाळ आकाशाचा उजेड खोलीतल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट अधिक असतो, म्हणून पावसाळ्यात निदान पडवीत बसून चहा-न्याहारी करावी.

झोपण्याची वेळ हळूहळू अलीकडे आणा. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे, यापेक्षा घाई करू नये. साडेअकराला झोपणाऱ्या मुलाला आजच साडेनऊला अंथरुणावर धाडले, तर तो दोन तास आढ्याकडे बघत तळमळेल आणि त्याच्या मनात अंथरूण आणि तळमळ यांची सांगड बसेल. दप्तर भरणे आणि गणवेश काढून ठेवणे रात्रीच उरकले, तर सकाळची दहा-पंधरा मिनिटेही झोपेला मिळतात.

मोबाइलचा प्रश्न सर्वांनी मिळून सोडवावा. दिवे मालवल्यावर मच्छरदाणीच्या आत निळसर उजेडात चेहरा दिसतो, ते दृश्य आता घरोघरचे आहे. पडद्याचा उजेड मेलाटोनिनला आणखी मागे ढकलतो. त्याहून अधिक जागवते ती एकामागून एक येणाऱ्या रील्सची आणि मित्रांच्या मेसेजची ओढ. झोपण्याच्या तासभर आधी घरातील सगळे मोबाइल, अगदी आई-बाबांचेही, ओटीवर एकाच ठिकाणी चार्जिंगला लावावेत. वडील स्वतः बाजेवर पडून व्हिडिओ बघत असतील, तर मुलाने ऐकावे अशी अपेक्षा का करावी? गजरासाठी मोबाइल लागतो ही सबब साध्या गजराच्या घड्याळाने मिटते.

चहाकडेही लक्ष हवे. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे साधारण पाच तासांनीही शरीरात उरते. संध्याकाळी सहाचा कडक चहा अकरा वाजताही काम करत असतो. चारनंतर चहा, कॉफी, कोला नको. कोकम सरबत किंवा ताक चालेल.

खोलीचा विचार आपल्या हवेप्रमाणे करावा. झोप लागताना शरीराचे तापमान किंचित उतरावे लागते, आणि एप्रिल-मेच्या दमट रात्री घाम वाळतच नाही, म्हणून ते उतरत नाही. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने आंघोळ, अंगावर सैल सुती कपडे, मच्छरदाणीच्या बाहेरून पंख्याचा झोत आणि समोरासमोरच्या उघड्या खिडक्या यांनी बराच फरक पडतो.

जागरणाच्या रात्री येणारच. गणपतीतील भजने, शिमग्याची पालखी, जत्रेतले पहाटेपर्यंत चालणारे दशावतारी नाटक, हे सारे मुलांना मिळालेच पाहिजे. झोपेच्या नावाखाली ते हिरावून घेऊ नये. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा फार तर दोन तास उशिरा उठवावे आणि दुपारी तीनच्या आत वीस-तीस मिनिटे डुलकी घेऊ द्यावी. संध्याकाळपर्यंत ताणून दिल्यास पुढची रात्रही बिघडते. अभ्यासासाठीचे जागरण मात्र मला मान्य नाही. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात आघाडीवर असतो, याचा आपल्याला अभिमान आहे आणि त्याचे ओझे मुलांच्या डोक्यावर आहे. पण दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के होते ते झोपेतच. परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागणारा विद्यार्थी केलेला अभ्यासच गमावत असतो.

इतके करूनही तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, मूल मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंगत असेल किंवा उदास आणि एकलकोंडे झाले असेल, तर डॉक्टरांकडे जावे. अंथरुणावर पडताच पायांत अस्वस्थ वळवळ होत असेल, तर लोहाची कमतरता असू शकते, विशेषतः पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये. औषधाच्या दुकानातून झोपेची किंवा मेलाटोनिनची गोळी स्वतःहून आणून देऊ नये. डॉक्टरांकडे जाताना कालनिर्णयाची ती नोंदी केलेली पाने सोबत न्यावीत.