डोंगरातल्या तळ्यावर सी-प्लेन: आधी उड्डाणाचं गणित, मग उतरणं

सी-प्लेनला, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला, तळ्यावर उतरायला जेवढं लांब पाणी लागतं, त्याहून बरंच जास्त तिथून उडायला लागतं. त्यामुळे उतरण्याआधी परतीचा हिशेब झालेला असावा.

समजा, तळं ५००० फुटांवर आहे. त्या उंचीवर हवेचं प्रमाण (स्टँडर्ड) तापमान ५ अंश सेल्सिअस धरतात. दुपारी पारा २५ वर असेल तर फरक २० अंशांचा. गरम हवा विरळ असते, म्हणून दर अंशाला साधारण १२० फूट जास्तीची उंची धरली की २४०० होतात, म्हणजे विमानासाठी हे तळं ७४०० फुटांवर आहे. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के घटते. इथे ती जेमतेम पाऊणपट उरते. म्हणून सकाळच्या गारव्यातच निघा.

सी-प्लेनला जमिनीसाठी चाकंही असतील, तर उतरताना सगळ्यात घातक चूक चाकांची. धावपट्टीवरून उडाल्यावर चाकं वर घ्यायची राहून गेली, की पाण्यात ती रुततात आणि विमान उलटतं. दिवे बघा, आरशातून चाकं बघा आणि मोठ्याने म्हणा: "पाण्यावर उतरतोय, चाकं वर."

सकाळचं पाणी आरशासारखं असेल तर उंची कळत नाही, अनुभवी डोळ्यालाही नाही. अशा वेळी काठाला समांतर या, नजर काठावर ठेवा. नाक किंचित वर, थोडी पॉवर, मिनिटाला सुमारे १५० फूट उतार. फ्लोट (विमानाखालचे तरंगते पोकळ पाय) टेकेपर्यंत यात काही बदलू नका. जागा खूप खाल्ली जाते, तीही हिशेबात धरा.

निघण्याआधी प्रत्येक फ्लोटमधलं पाणी पंपाने काढा. पाण्यावर ब्रेक नसतात, त्यामुळे विरळ हवेसाठी इंधन-हवेचं मिश्रण पातळ करण्याचं (इंधन कमी करण्याचं) काम टॅक्सी करताना, म्हणजे पाण्यावर हळू चालवतानाच उरकावं लागतं. मग वॉटर रडर (फ्लोटमागचं पाण्यातलं सुकाणू) वर, स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) पूर्ण मागे, पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची ताकद). नाक दुसऱ्यांदा उचललं की स्टिक सैल सोडा. विमान पाण्यावर सपाट घसरू लागतं. नाक वरखाली डुलायला लागलं आणि लगेच आवरलं नाही, तर थ्रॉटल बंद, स्टिक मागे. काचेसारखं पाणी फ्लोटला धरून ठेवतं; आधी एक गोल फेरी मारून लाटा उठवा, आणि वेग आल्यावर एलेरॉनने (विमान एका बाजूला कलवणाऱ्या पंखावरच्या पट्टीने) एक फ्लोट आधी सुटा करा.

काठावरचं एखादं झाड आधीच हेरून ठेवा. तिथवर विमान सपाट घसरायला लागलं नसेल तर थ्रॉटल ओढा. उडाल्यावर समोरच्या खिंडीकडे धावू नका, उंची तळ्यावरच घिरट्या घालत कमवा.