ऑडिटरच्या ओळीपाशी पेन थांबू नये म्हणून

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ३ नोव्हेंबर २०२६ ला राज्याची निवडणूक आहे. मतपत्रिकेवर गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी, ट्रेझरर झाले की पुढची ओळ ऑडिटरची. २०२२ मध्ये, नागरिक झाल्यावरची पहिली मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरत होते, तेव्हा माझं पेन याच ओळीपाशी थांबलं. वरच्या नावांपुढचे सगळे लंबगोल काळे केले आणि ही ओळ कोरी ठेवून पाकीट बंद केलं. सरकारचे हिशेब तपासणारा माणूस लोक निवडून देतात, हेच मला ठाऊक नव्हतं. ती कोरी ओळ मला अजून सलते. म्हणून यंदाची तयारी लिहून ठेवतेय, इथे नव्याने मतदार झालेल्या आपल्या मंडळींसाठीही.

आधी नावनोंदणी तपासा. मतदानाच्या दहा दिवस आधीपर्यंत नाव नोंदवता येतं, पण तोवर थांबू नका. उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक सप्टेंबरातच होते. कुठल्याही पक्षात नाव नसलं तरी त्या दिवशी कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगून मत देता येतं. आपल्यापैकी बरेच जण हे माहीत नसल्यामुळे घरी बसतात.

मग डोक्यातली कॅगची, म्हणजे भारत सरकारचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांची, चौकट थोडी बाजूला ठेवा. कॅगची नेमणूक राष्ट्रपती करतात, मुदत सहा वर्षं किंवा वयाच्या पासष्टीपर्यंत, आणि पद सोडल्यावर पुन्हा सरकारी पद घेता येत नाही. इथलं गणित वेगळं आहे. ऑडिटरचं पद १८४९ मध्ये निर्माण झालं आणि १८५५ च्या घटनादुरुस्तीनं थेट जनतेच्या मतावर आलं. तेव्हा दरवर्षी निवडणूक व्हायची, आता चार वर्षांनी होते. सीए असण्याची अट नाही. १९८७ ते २०११ अशी चोवीस वर्षं हे पद सांभाळणारे जो डिनुची पूर्वी व्यावसायिक मुष्टियोद्धे होते. त्यांच्यानंतर आलेल्या सुझॅन बंप या पदावरच्या पहिल्या महिला. गव्हर्नर ऑडिटरला काढू शकत नाही, ही या पद्धतीची ताकद. पण त्याच ऑडिटरला मतं मागत फिरावं लागतं, पक्षाचं तिकीट लागतं आणि उद्या दुसरं पद लढवायची मोकळीकही असते. मला दोन्ही पद्धतींत गुण दिसतात, मात्र इथे राखण करायचं काम आपल्यावर येतं.

काम नेमकं काय ते समजून घ्या, नाहीतर चुकीच्या गोष्टीसाठी मत द्याल. राज्याच्या खात्यांची आणि संस्थांची तपासणी तीन वर्षांतून एकदा तरी व्हावी, असा कायदा आहे. तुमच्या गावच्या शाळेच्या बजेटची तक्रार मात्र इथे चालत नाही. गावाचे हिशेब गाव स्वतः खासगी फर्मकडून तपासून घेतं. एक धागा तेवढा गावापर्यंत येतो. मालमत्ता कराला लगाम घालणारा १९८० चा कायदा आला, तेव्हा राज्य गावांवर पैसे न देता जबाबदाऱ्या लादतं का, हे पाहणारा विभाग ऑडिटरकडे आला.

तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे एक अहवाल पूर्ण वाचणं. कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ज्या खात्याशी तुमचा संबंध येतो त्याचाच घ्या, मग ते कम्युनिटी कॉलेज असो की गाड्यांचं लायसन्स देणारं खातं. आधी आढळलेली त्रुटी, मग शिफारस, त्याखाली खात्यानं दिलेलं उत्तर आणि त्यावर ऑडिटरचं प्रत्युत्तर, असा क्रम असतो. हे शेवटचे दोन परिच्छेद सावकाश वाचा. खातं चूक मान्य करतंय की शब्दांची फिरवाफिरव करतंय, ते तिथे उघडं पडतं, आणि ऑडिटर पुराव्यावर बोट ठेवतो की नुसता आवाज चढवतो, तेही.

मग सध्याचा मोठा वाद समजून घ्या. डायना डिझोग्लिओ दोन्ही सभागृहांत आमदार होत्या, २०२३ च्या जानेवारीत ऑडिटर झाल्या आणि त्यांनी विधिमंडळाचीच तपासणी करायची म्हटलं. विधिमंडळाच्या संमतीशिवाय तसा अधिकार नाही, असं ॲटर्नी जनरलनी त्याच वर्षी सांगितलं. प्रश्न २०२४ च्या मतपत्रिकेवर गेला आणि सुमारे ७२ टक्के मतदारांनी तपासणीच्या बाजूनं कौल दिला. तरी विधिमंडळानं दारं उघडली नाहीत. सत्तेच्या तीन शाखा एकमेकींपासून वेगळ्या ठेवणाऱ्या राज्यघटनेचा आधार घेतला. गंमत म्हणजे ऑडिटर, ॲटर्नी जनरल आणि विधिमंडळाचे नेते हे सगळे एकाच पक्षाचे. मला कौल पाळला जायला हवा असं वाटतं, पण कायदे कसे करावेत यात ऑडिटर शिरेल ही भीतीही मला खोटी वाटत नाही. मत देण्याआधी तुम्ही या रेषेच्या कुठल्या बाजूला आहात ते ठरवा.

उमेदवार सभेला किंवा देवळातल्या कार्यक्रमाला आले, तर विधिमंडळाच्या तपासणीचा हाच प्रश्न विचारा, आणि जोडीला आणखी एक: स्वतःच्या पक्षाच्या गव्हर्नरच्या कुठल्या खात्याला तुम्ही आधी हात घालाल? उत्तरात खात्याचं नाव येतं का, तेवढं ऐका.

मतपत्रिका टपालानं मागवली असेल तर ती आल्या दिवशीच टेबलावर काढून ठेवा, शेजारी काळं पेन. मी यंदा ऑडिटरचा लंबगोल आधी भरणार आहे, मग वर गव्हर्नरकडे जाणार. आतल्या पाकिटावर सही करायची विसरू नका.