घरी क्रीम करताय? ग्लिसरिल स्टिअरेट असं वापरा

ग्लिसरिल स्टिअरेट म्हणजे तेल-पाणी एकत्र आणायला वापरतात तो मेणासारखा पदार्थ. घेताना लेबलवर एसई (SE, सेल्फ-इमल्सिफाइंग, म्हणजे स्वतःच तेल-पाणी धरून ठेवणारं) लिहिलंय का ते आधी बघा, साधं असेल तर ते एकटं तेल-पाणी नीट धरून ठेवत नाही, एसईमध्ये थोडा साबणासारखा भाग असतो म्हणून जमतं. 100 ग्रॅम क्रीमला 5 ग्रॅम घ्या, सोबत 2 ग्रॅम सेटिल अल्कोहोल (क्रीम दाट करणारा मेणासारखा पदार्थ). तेलात टाकून 70-75 डिग्रीला पूर्ण वितळवा आणि पाणीही तेवढंच गरम हवं हां, गार पाणी ओतलंत की मेण तिथंच गोठतं आणि क्रीम बोटाला रवाळ लागतं. ब्लेंडर फिरवा, दुधाळ झालं की गार होईपर्यंत ढवळत राहा. बहुतेक प्रिझर्व्हेटिव्ह 40 डिग्रीच्या खाली घालतात, ते प्लीज टाळू नका, पाणी आहे म्हणजे बुरशी धरणारच. लिंबूबिंबू अजिबात नको, आंबटाने एसई फुटतं.