अळंबी उपटू नका, खणा: अमॅनिटा ओळखायची रीत

पावसानं जोर धरला की राधानगरी, आजरा, गगनबावड्याच्या रानात अळंबी डोकं वर काढते. पश्चिम घाटातल्या त्याच ओल्या मातीत अमॅनिटा गटातल्या छत्र्याही येतात. त्यातल्या सगळ्या विषारी नसतात, पण ज्या असतात त्यातल्या काही माणूस मारतात. खाली दिलेली रीत त्या टाळण्यासाठी आहे, भाजीची अळंबी निवडण्यासाठी नाही.

आधी जागा बघा. बहुतेक अमॅनिटा झाडांच्या मुळांशी जोडून वाढतात. मात्र मुळं लांबवर पसरतात, त्यामुळे उघड्यावर दिसली म्हणून ती निर्धोक ठरत नाही.

मग खुरपं घ्या आणि बुंध्याभोवतीची माती सैल करून अख्खी अळंबी काढा. इथंच बहुतेकांचं चुकतं. वरून खुडली की खरा पुरावा जमिनीतच राहतो. बहुतेक अमॅनिटांच्या देठाचं बूड फुगीर असतं; जहाल जातींत त्याभोवती फाटक्या पिशवीसारखं आवरण असतं. खाण्याच्या वारुळाच्या अळंबीचा देठ मात्र मुळासारखा निमुळता होत खाली वाळवीच्या घरट्यापर्यंत जातो. पण खाण्याच्याच पेंढ्यावरच्या अळंबीलाही बुडाशी पिशवी असते, म्हणून एकाच खुणेवर थांबू नका.

देठावर कडं आहे का, छत्रीवर खपल्या आहेत का, तेही पाहा. पण गगनबावड्यासारख्या पावसात खपल्या धुऊन जातात, कडं गळून पडतं. असलं तर खूण, नसलं तर काहीच सिद्ध होत नाही. अंड्यासारखा बंद गोळा सापडला तर उभा चिरा. आत छत्री-देठाची आकृती दिसली, तर ती अमॅनिटाची कळी असू शकते.

शेवटी ठसा, म्हणजे छत्रीखालून झडणाऱ्या बीजाणूंचा रंग. देठ कापून छत्री, आतल्या पातळ पात्या खाली करून, अर्धी काळ्या आणि अर्धी पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला, रात्रभर राहू द्या. अमॅनिटाचा ठसा पांढरा पडतो. वारुळाच्या आणि पेंढ्यावरच्या अळंबीचा गुलाबीसर. पांढरा ठसा इतरही अनेक छत्र्यांचा असतो. शंका राहिलीच तर नमुना कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा. नुसत्या हाताळण्यानं विष बाधत नाही. हात धुतले की पुरे.

चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलते, किड्यांनी कुरतडलेली चालते, या सगळ्या थापा आहेत, आणि वडीलधाऱ्यांनी सांगितल्या म्हणून खऱ्या होत नाहीत. जहाल अमॅनिटातलं अमॅटॉक्सिन हे विष शिजवून, वाळवून, गोठवून जात नाही. युरोपातल्या डेथ कॅप या जहाल अमॅनिटाची अर्धी छत्री मोठ्या माणसाचा जीव घेऊ शकते. चवही वाईट नसते म्हणे! आसामात एप्रिल २०२२ मध्ये रानची अळंबी खाऊन १३ जण दगावले.

या विषाचा कावा उशिरात आहे. उलट्या-जुलाब साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतात, तोवर जेवण विसरलेलं असतं. मग एखादा दिवस बरं वाटतं आणि घरचे निर्धास्त होतात. आत यकृत निकामी होत असतं. म्हणून बरं वाटलं तरी थांबू नका, थेट कोल्हापूरच्या सीपीआरसारखं मोठं रुग्णालय गाठा. त्याच भांड्यातलं खाल्लेल्या प्रत्येकाला, त्रास नसला तरी, सोबत घ्या. उरलेली भाजी आणि साफ करताना टाकलेले तुकडेही न्या, पण कच्चे तुकडे कागदात गुंडाळून. प्लॅस्टिकमध्ये ते लवकर कुजतात.