एचटीपीच्या बायपासला हात लावायच्या आधीची तयारी

एचटीपीनं (फवारणीचा जास्त दाबाचा पिस्टन पंप) प्रेशर सोडलं की आपल्याकडं लगेच पॅकिंग गेली म्हणून पंपच खोलायला घेतात, पण भाऊ, आधी बायपास (गनला न लागणारं पाणी परत ड्रममध्ये नेणारी वाट) पाहा, अन् पान्याला हात घालायच्या आधी सगळं सामान जवळ जमवून बसा. आमच्या मोर्शीकडं शेतीची थ्री फेज कधी दिवसा तर कधी रात्री, त्यात एका ओ-रिंगसाठी (गळती रोखणारी रबराची गोल रिंग) तालुक्याला जावं लागलं की संत्र्याच्या फवारणीचा तो दिवस गेलाच.

ड्रममध्ये औषध असेल तर ते आधी रिकामं करा, ड्रम, पाइप, गन तीनदा साध्या पाण्यानं चालवून धुवा, हातमोजे घाला. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली हे आपण पाह्यलंय, म्हणून इथं आळस नकोच. मंग ड्रम साध्या पाण्यानं भरून ठेवा.

सामान म्हणाल तर 20 लिटरच्या दोन सारख्या बादल्या, घड्याळासाठी मोबाइल, दोन पाने (एक धरायला, एक फिरवायला), टेफ्लॉन टेप, पाइपाच्या चार क्लिपा, एक नवीन नोझल, दात घासायचा जुना ब्रश, अन् रेग्युलेटरच्या (दाब कमी-जास्त करून जास्तीचं पाणी बायपासला सोडणारा भाग) ओ-रिंगा. ओ-रिंग अंदाजानं आणू नका, जुनी सोबत नेऊन दुकानात ताडून घ्या. एक पांढरं कापडही लागतं, काहून का रेग्युलेटरची स्प्रिंग मातीत पडली की संध्याकाळपर्यंत शोधत बसावं लागते.

आता खोलायच्या आधीची खरी तपासणी, अन् याला दोन माणसं पायजेत. पंप चालू करून गन एका बादलीत अन् बायपासचा पाइप दुसऱ्या बादलीत सोडा. समजा पंपाच्या पाटीवर मिनिटाला 30 लिटर लिहिलंय, तर 40 सेकंदांत दोन्ही बादल्या मिळून 20 लिटर जमायला पायजे. तेवढं जमत नसेल तर बायपासचा दोष नाही, सक्शनची (ड्रममधून पाणी ओढणाऱ्या पाइपाची) जाळी, पाइपातली हवा, ढिला पट्टा, पंपाचे व्हॉल्व हे पाहा. एकूण बरोबर भरतंय पण गनची बादली अर्धीच, अन् दाब दाखवणाऱ्या गेजचा काटाही खाली, तर रेग्युलेटरची सीट (बायपासची वाट बंद करणारी बैठक) झिजली किंवा मधात कचरा अडकला. काटा वर चढलेला अन् गनला पाणी कमी, तर नोझल चोंदलंय, रेग्युलेटर खोलायचं कामच नाही.

खोलायचंच ठरलं तर मोटर बंद करून मेन पण पाडा, रेग्युलेटरचा लिव्हर सैल करा, गन दाबून काटा शून्यावर येऊ द्या. गळती कुठं आहे म्हणून चालू पंपावर बोट फिरवू नका, बारीक धार कातडीत शिरते, अन् वरून जखम टिचभर दिसली तरी लगेच दवाखान्यात जावं लागते. नॉब खोलताना किती आटे फिरले ते मोजून लिहून ठेवा, फोटो काढा. सीट उजेडात धरून नखानं चाचपा, नख अडकलं म्हणजे चरा पडलाय, तिथून पाणी सारखं बायपासला पळते, मंग सीट बदलायचीच.

पाइपाची मांडणी पण त्याच दमात पाहा. मी एकदा ट्रॅक्टर धुवायला ड्रम नको म्हणून बायपास टी लावून सक्शनलाच जोडला, गन बंद ठेवून घरात गेलो, परत येऊन पाह्यतो तर तेच पाणी आतल्या आत फिरून तापलेलं, पंपाच्या मुंडक्याला हात लावता येईना, पॅकिंगचा संच गेला. तेव्हापासून बायपास ड्रममध्येच, तोंड पाण्याखाली बुडालेलं, सक्शनच्या समोरच्या बाजूला, नाहीतर बुडबुडे सक्शन ओढते अन् काटा थरथरते. बायपासवर कॉक लावू नका, पाइपाला मोड पडू देऊ नका, गन बंद केली की पाण्याला जायला तीच एक वाट राहते.

जोडून झालं की तेलाच्या काचेतून तेल पाहा, ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलंय, ते बदलूनच पंप चालू करा, अन् नॉब सैल ठेवून हळूहळू लिहिलेल्या आट्यांवर आणा.