सिंकखालचे डिस्पोजर बंद पडले, तर या चुका टाळा

पुण्यातील नव्या गृहसंकुलांत आणि परदेशातून परतलेल्या कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत सिंकखाली खरकटे दळणारे डिस्पोजर आता अधूनमधून दिसते. मात्र ते बंद पडले की थेट नवे घेण्याचीच भाषा सुरू होते. ही घाई टाळावी आणि आधी यंत्राचा आवाज ऐकावा, कारण बिघाड कोणता हे बव्हंशी त्यावरूनच कळते.

स्विच लावूनही काहीच आवाज येत नसेल, तर एमसीबी पडला आहे का आणि प्लग नीट बसला आहे का, हे पाहावे. मोटरवर ताण आला की यंत्राच्या तळाचे छोटे, बहुधा लाल, रीसेट बटण बाहेर येऊन वीज तोडते. मोटर थंड होण्याआधी दाबल्यास ते टिकत नाही, म्हणून पाच-दहा मिनिटे थांबावे.

यंत्र नुसतेच घुमत असेल आणि फिरत नसेल, तर आत काहीतरी अडकले आहे. अशा वेळी स्विच पुन्हा पुन्हा लावून पाहणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण अडकलेली मोटर त्यानेच जळते. प्लग काढून ठेवावा, टॉर्चच्या उजेडात आत पाहावे आणि चमचा, बाटलीचे झाकण किंवा हाडाचा तुकडा जे असेल ते चिमट्याने काढावे. हात कधीही घालू नये. आत मिक्सरसारखी पाती नसतात: फिरत्या तबकडीवरचे बोथट दांडे खरकटे कडेच्या खरबरीत कड्यावर ढकलतात आणि ते तिथे दळले जाते. त्यामुळे बर्फाने पात्यांना धार येते, या समजाला अर्थ नाही. बर्फाने फार तर आतला चिकटा निघतो.

एवढ्याने तबकडी सुटली नाही, तर अनेक मॉडेलांच्या तळाशी मधोमध असलेल्या षट्कोनी खाचेत ॲलन की घालून ती दोन्ही बाजूंना हलवावी. ही खाच बहुधा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीची असते. घरच्या संचातली ६ मिमीची किल्ली त्यात ढिली बसते आणि जोर लावताच खाचेचे कोपरे झिजवते. पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, बोहरी आळीत, किल्ली घेताना इंची मापाचीच मागावी.

तुंबण्याचे मूळ मात्र बहुतेक वेळा पाण्याच्या काटकसरीत असते. टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत दळण संपताच नळ बंद होतो आणि लगदा पाइपातच बसतो. गार पाणी आधी सोडावे आणि आवाज मोकळा झाल्यावरही १५-२० सेकंद चालू ठेवावे; गरम पाण्याने तूप-तेल वितळते आणि पुढे पाइपात थिजते. शेवग्याच्या शेंगांचा चोथा, कणसाची पाने आणि केळीची साल यांचे धागे तबकडीला गुंडाळतात, तर भात आणि कणीक फुगून खाली घट्ट बसतात. ज्यांच्याकडे पाणी मोजूनच येते, त्यांनी ओला कचरा रोज ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांकडे द्यावा, हे माझ्या मते अधिक शहाणपणाचे.

सिंक तुंबल्यावर कॉस्टिकची पावडर ओतू नये. त्याने रबरी सील खराब होतात आणि पुढे ट्रॅप (सिंकखालचा, पाणी धरून वास अडवणारा भाग) उघडणाऱ्याचे हात भाजतात. खाली बादली ठेवून ट्रॅप उघडावा आणि साफ करावा. बाटली ट्रॅपमध्ये गाळ लवकर साचतो, म्हणून डिस्पोजरला वाकड्या पाइपाचा पी-ट्रॅपच बरा.

गळती कुठून आहे, हे यंत्र कोरडे पुसून मग पाहावे. वर सिंकच्या जोडापाशी पाणी दिसले, तर स्क्रू आवळून किंवा पुट्टी नव्याने लावून भागते, आणि बाजूच्या पाइपापाशी असेल तर क्लिप आवळावी. पण थेट तळातून पाणी ठिबकत असेल, तर आतले सील गेलेले असते आणि तेव्हा मात्र यंत्र बदलावे लागते. नवे अमेरिकेहून आणण्याचा मोह होत असेल, तर तिथली १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची मोटर आपल्या २३० व्होल्टवर लावताच जळेल, आणि ट्रान्सफॉर्मर जोडला तरी ५० हर्ट्झवर ती मंद फिरेल व तापत राहील.