शाळेत मातीविना बाग लावताय? या चुका टाळा

आमच्या शाळेच्या आवारात नुसते पेव्हर ब्लॉक, म्हणून गच्चीवर पाइपांतली हायड्रोपोनिक बाग बसवली. फोटो झकास आले. तीन आठवड्यांत पालक पिवळा.

चूक खताची होती. नाशकात द्राक्षबागांमुळे विद्राव्य खतं कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात; आम्ही १९:१९:१९ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के) घेऊन आलो. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरियाचं अमोनियम आणि मग नायट्रेट करून देतात. आमच्याकडे मातीच नाही! शिवाय त्यात कॅल्शियमही नाही. मग कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट आणलं, आणि एकाच बाटलीत घट्ट कालवलं. तळाशी पांढरा गाळ बसला: जिप्सम. दोन्हींचे द्राव वेगळ्या बाटल्यांत ठेवा आणि भरल्या टाकीत एकामागून एक ओता.

पान पिवळं दिसलं की लगेच खत वाढवू नका. आधी खालची, जुनी पानं पिवळी आहेत का बघा; तसं असेल तर बहुधा नत्र कमी. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह लागू पडत नाहीये. बोअरच्या जड पाण्याने पीएच (पाणी किती आम्ल की अल्क, ते सांगणारा आकडा) ७च्या वर गेला की हे होतं. ५.५ ते ६.५ हवा.

दुसरा फटका सुट्टीचा. शनिवारी शिपाईकाकांनी सवयीने मेन स्विच बंद केला आणि पाइपांत पाणी फिरवणारा पंप थांबला. सोमवारी सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या. त्यांची काय चूक, आम्हीच सांगितलं नव्हतं. आता पंपाविना डबे वापरतो. पाणी उतरेल तशी वरची मुळं हवेत राहतात, तीच श्वास घेतात. म्हणून डबा पुन्हा काठोकाठ भरू नका. पारदर्शक डब्यात शेवाळ धरतं, बाहेरून रंग लावा. एप्रिलमध्ये गच्चीवर पाणी तापतं, त्यातला ऑक्सिजन घटतो, मुळं तपकिरी होऊन वास मारतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर लावा, फेब्रुवारीअखेर काढा.

सगळ्यात मोठी चूक मात्र माझी: मी रविवारी येऊन गुपचूप पीएच सुधारून जायचो. मुलांना सोमवारी सगळं आलबेल दिसायचं. शेवटी दिंडोरीकडच्या एका मुलीनेच विचारलं, “सर, ईसी कोण मोजतं? आमचे आजोबा बागेत मोजतात.” ईसी म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत याचं माप; त्यावरून खत किती ते कळतं. तेव्हापासून मीटर आणि वही तिच्या गटाकडे.

तुलनेसाठी एक डबा मुद्दाम नुसत्या पाण्यावर ठेवा. मुलांना दया येऊन कुणी चोरून खत घातलंच, तर तेही वहीत लिहायला लावा.